बुडालेला कळस

दादा,

‘जयरामवर चार शब्द लिही,’ असं आमच्या हेडमास्तरांनी सांगितलं. वाचनालयाच्या फळ्यावर लावायचे आहेत. नमुना म्हणून त्यांनी मागच्या साली वारलेल्या एका गृहस्थांचा कागद काढून दिला. त्यात जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठे, आणि शेवटी ‘स्वभावाने शांत व मनमिळाऊ’. मी तो कागद परत नेऊन दिला. तू शांत नव्हतास. मनमिळाऊ तर मुळीच नव्हतास. आपलं म्हणणं पटेपर्यंत समोरच्याला जेवू न देणारा माणूस तू. आणि गावाला तुझ्याविषयी जे कळायला हवं ते जन्म-शिक्षणात कुठेच बसत नाही. ते एका फळीचं आणि एका कळसाचं आहे. म्हणून मी हे तुलाच लिहिते आहे. हेडमास्तरांना वाटलं तर त्यांनी ते खुशाल फळ्यावर लावावं.

एक आधीच सांगते. तुझ्याशी मी जन्मभर मालवणीत भांडले, पण लिहायला बसले की हातातून शाळेतली भाषाच उतरते. तू हसशील. ‘सुले, तू काय इन्स्पेक्टराक पत्र लिवतंस?’ म्हणशील. म्हण.

आपण दोघं घसरण्यासाठीच जन्माला आलो, असं आई म्हणायची, आणि ते काही ती कौतुकाने म्हणत नसे. दसरा गेला की सड्याच्या उतारावरचं गवत वाळून पिवळं पडायचं. पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचा तो रुंद गुळगुळीत पट्टा, खाली घेऊन बसलं की माणूस वरून थेट भाताच्या कुणग्याच्या बांधापर्यंत यायचा. गावातली सगळी पोरं बसून यायची. तू पहिल्या दिवसापासून उभा राहायला बघत होतास. दहा वेळा आपटलास, अकराव्यांदा अर्ध्या उतारापर्यंत उभा आलास आणि तिथून करवंदीच्या जाळीत गेलास. मी तुझ्या पाठीतले काटे काढत बसले होते, आणि तू मला विचारत होतास, ‘उभो होतंय ना गो? बगलंस ना?’ मी पाहिलं होतं. मी हो म्हटलं. त्या दिवशी तुझ्या बाजूने साक्ष द्यायला मला काहीच जड गेलं नाही.

खाज्याचा नियम तेव्हाच सुरू झाला. जत्रेत आई खाज्याचा एक पुडा घ्यायची, गुळात आणि आल्यात घोळवलेल्या त्या बेसनाच्या कांड्या, आणि दोघांत सारख्या वाटायची. तुझा वाटा कायम आधी संपायचा. मग तू काहीतरी सांगायला लागायचास, आणि सांगणं खरं वाटलं तर मी माझ्यातलं एक खाजं तुला द्यायचे. मोठेपणी तू बोटीवर खलाशी झालास, दहा-अकरा महिन्यांनी एकदा घरी यायला लागलास, तेव्हाही आपण पालथ्या होडीवर पुडा मध्ये ठेवून बसायचो आणि गजाली व्हायच्या. या वर्षात कुठे घसरलास, कशावरून, किती लांब. मग मी. नियम तूच घातला होतास, ‘बगलला सांगू नको, केलला सांग.’ पाहिलेल्या गोष्टीला खाजं नाही. केलेल्या गोष्टीला, ऐकणाऱ्याला पटली तर, एक.

आता फळीकडे येते.

धाकू तांडेलाची एक होडी खडकावर फुटली, तिची उंडीच्या लाकडाची एक फळी तू मागून आणलीस. पुरुषभर लांब, पुढे जराशी उचललेली, वर्षानुवर्षं माशाचं तेल पिऊन काळी झालेली. ती छातीखाली धरून लाटेबरोबर वाळूपर्यंत यायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली वाळूचा जो उंचवटा आहे, तिथे लाट उठते आणि पन्नास-साठ वाव, म्हणजे तीनेकशे फूट, सरळ चालत येते. पावसाळा सरला, दर्या निवळला, पण पाण्यातला जोर अजून गेलेला नाही, अशा थोड्याच दिवसांत ती तशी येते. दसऱ्याच्या पुढेमागे आठ-पंधरा दिवस, बस्स.

त्याच जागेविषयी धाकू तांडेलाचा कायदा होता, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाचा. बाहेरून होडी घरी येताना रवळनाथाच्या देवळाचा कळस लांबून दिसतो. किनारा जवळ आला की वाळूची उंच टेंब आणि तिच्यावरचं केगदीचं, म्हणजे केवड्याचं, बन आड येतं आणि कळस दिसेनासा होतो. त्याला म्हणायचं कळस बुडाला. कळस बुडाला म्हणजे होडी उंचवट्यावर आली, आता लाट मागून कधीही उचलेल. ‘कळस बुडलो काय बूड टेका!’ धाकू ओरडायचा, आणि होडीतला प्रत्येक माणूस, स्वतः धाकूसुद्धा, खाली बसायचा. उभा राहिला तो होडी उलटवणार. आपल्या बापसालाही आपण तसंच बसताना पाहिलं होतं. तिथून वाळू लागेपर्यंत कळस दिसत नाही, हे आपल्याकडे पाळण्यातल्या मुलालाही माहीत असतं.

तू बोटीवर जाणार होतास त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तू सतरा वर्षांचा, मी चौदाची. सकाळची वेळ, लाट अगदी हवी तशी. मला एकदा तरी जाऊ दे म्हणून मी मागे लागले होते आणि तू ‘माझो शेवटचो दिवस’ म्हणून फळी सोडत नव्हतास. मी गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून फळी धरली, लाट आली तशी मागून ढकलली. लाट माझ्या डोक्यावरून पुढे गेली. मी डोळ्यांतलं पाणी पुसून पाहिलं तर लाटेच्या पाठीवर तुझं डोकं आणि खांदे दिसत होते, लांब लांब जात होते. एवढंच दिसतंय, म्हणजे तू गुडघ्यांवर आहेस, असं मला वाटलं. मला वाटलं असं नाही, माझी खात्रीच होती.

मी बाहेर आले तोवर तू किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला धावत गेला होतास. तिथे रापणीचं लांबलचक जाळं ओढत होते, तीस-चाळीस माणसं, सगळ्यांची तोंडं दोराकडे. तू ओलाचिंब, हात उंच करून नाचत होतास.

‘मी उभो इलंय! लाटेर उभो! टेंबेर केगदी दिसली, आणि कळस परत वर इलो!’

धाकू तांडेलाने दोर न सोडता विचारलं, ‘काय वर इलो?’

‘कळस! देवळाचो कळस!’

‘बुडलेलो कळस वर इलो?’ धाकू म्हणाला, आणि सगळी रापण हसायला लागली. हसता हसता दोर ढिला पडला तेव्हा धाकूने सगळ्यांना शिव्या घातल्या. मग तो तुला म्हणाला, ‘बरां, साक्षीक कोण?’

‘सुलू होती.’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तूही पाहिलंस. तुझा चेहरा मला आजही दिसतो, तुला जराही शंका नव्हती. मी म्हटलं, ‘गुडघ्यार होतो.’

दादा, मी खोटं बोलले नाही. जे पाहिलं ते सांगितलं. पण मला राग आला होता हेही खरं. फळी दिली नाहीस याचा, आणि त्याहून जास्त, उद्या जाणार आहेस आणि इतका आनंदात आहेस याचा. राग नसता तर ‘मला नीट दिसलं नाही’ असं म्हणाले असते का? असते, बहुतेक. ‘गुडघ्यार होतो’, हे दोन शब्द मी वीस वर्षं तोंडात घोळवले आहेत.

दुसऱ्या दिवशी तू कणकवलीच्या गाडीत बसलास आणि इथे मागे तुझं नाव पडलं. कुणी मोठ्या सुरमईची बढाई मारली की लोक म्हणायचे, ‘ह्येचोय कळस वर इलो.’ कुणी उशिरा येऊन सबब सांगितली, कळस वर इलो. पुढे तुझं नाव न ऐकलेली पोरंसुद्धा तसं म्हणायला लागली. माझ्या वर्गात एकाने गणित चुकवून वर बढाई मारली तेव्हा शेजारचा तेच म्हणाला. मी त्याला बाकावर उभं केलं, आणि का ते सांगितलं नाही.

पण तू म्हणजे तूच. पहिल्या रजेला आलास, पालथ्या होडीवर बसलास आणि आधी तेच सुरू केलंस. मी खाजं दिलं नाही. मग तू बर्फाची गोष्ट सांगितलीस. कुठल्याशा थंड बंदरात गावामागची टेकडी पांढरी झाली होती, लोक पायांना लाकडी पट्ट्या बांधून तिच्यावरून घसरत होते. पट्ट्या तुला कोण देणार? तू बोटीच्या भटारखान्यातली मोठी परात पळवलीस, तिच्यात बसून आलास, खाली येऊन एका पाद्र्याला धडकलास आणि दोघेही बर्फात गेलात. पाद्री उठला, परात स्वतःच्या हाताने वर घेऊन गेला आणि म्हणे आपण बसला. मी तुला एकदम दोन खाजी दिली. त्यातलं एक पाद्र्याचं.

आणि माझं आरोंद्याचं? शाळेत माझी पहिली नेमणूक तिथली. खाडीपलीकडे तेव्हा अजून पोर्तुगीजांचं राज्य, काठावर त्यांचा शिपाई बंदूक घेऊन उभा. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की मी, वय वर्षं वीस, शाळेची मास्तरीण, पदर खोचून फळकुटावर एक गुडघा टेकायचे आणि दुसऱ्या पायाने ढकलत चिखलावरून सूं जायचे. तिसऱ्या दिवशी शिपायाने बंदूक भिंतीला टेकवून टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट ऐकताना तू होडीवरून खाली पडायचा बाकी राहिला होतास. तुझा सगळा पुडा तू माझ्या ओटीत ओतलास. इतकं तर कुठल्या बक्षीस समारंभातही मला कधी मिळालेलं नाही.

तरी कळसाचं राहिलंच. दर रजेला, शेवटच्या दिवशी, पुड्यात एक-दोन खाजी उरली की तू म्हणायचास, ‘आता तां.’

‘गुडघ्यार होतंस.’

‘मगे कळस कसो दिसलो?’

‘नाय दिसलो.’

‘सुले, मी उभो होतंय.’

‘दादा, बुडलेलो कळस वर येणा नाय.’

परत करून दाखव, असंही म्हणायची सोय नव्हती. तुझ्या रजा पडायच्या मे महिन्यात, तेव्हा दर्या गावठी तुपासारखा थिजलेला. आणि ज्या वर्षी नेमका दसऱ्याला आलास त्या वर्षी चाकं घेऊन आलास.

ती चार चाकं म्हणजे बोटीच्या यंत्रातले जुने बेअरिंग. तू ती एका आखूड फळीखाली बसवलीस. कुठल्या तरी बंदरात रस्त्यावरून पोरं अशी जाताना तू पाहिली होतीस. आपल्या घाटीला नुकतंच डांबर पडलेलं, काळं कुळकुळीत. दुपारी सगळा गाव जेवून आडवा झालेला बघून आपण वर गेलो. आधी मी. तू नको म्हणत होतास, पण एकदा फळी न दिल्याचं तुला आठवत असणार, कारण शेवटी दिलीस. दादा, काय ती घाटी! कानात नुसता वारा, पायांखाली चार चाकांचा खडखडाट, आणि मी सबंध वळण उभ्याने घेतलं. खालून एस.टी. आली. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, मी हात केला आणि पुढे निघून गेले. गाडीत मला बघायला आलेली मंडळी होती, कणकवलीची, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला बघितलं. दाखवायचं त्याहून पुष्कळच जास्त बघितलं.

मग मी फळी परत वर आणून दिली, माझ्यावर ताण करायला तू निघालास, आणि वळणावरच्या दगडी गडग्यावर गेलास. गुडघ्याची वाटी फुटली. एस.टी. तोवर तिथेच खोळंबली होती; तिच्यातच, त्याच मंडळींनी तुला उचलून ठेवलं, आणि नवऱ्या मुलाने डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत तुझा पाय मांडीवर धरला. माणूस चांगला होता. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, ‘मुलगी चांगली आहे, पण फार वेगात आहे.’ आई आठ दिवस आपल्या दोघांशी बोलली नाही. तू खाटेवर पडल्या पडल्या तो निरोप येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होतास. मला त्या स्थळाचं वाईट वाटलं नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. त्या वळणाचं समाधान मात्र अजून आहे.

पण तुझा गुडघा नीट बसला नाही. तू बोटीवर परत गेलास, काम करायचास, लंगडणं लपवायचास. लाटेवर उभं राहणं तुझ्यासाठी संपलं. त्या रजेच्या शेवटी, पुडा पुढे ठेवून तू म्हणालास, ‘आता तूच उभी रव. मगे तुका कळात.’

मी म्हटलं, ‘मास्तरीण असून? लोक काय म्हणतले?’

तुला ते पटलं नाही, आणि पटू नयेच. लोकांची मी कधी पर्वा केली होती? खरं कारण तुला मी सांगितलं नाही, ते आता सांगते. मला हरायचं नव्हतं. मी उभी राहिले आणि कळस दिसला, तर माझ्या एका शब्दाने तुझं जन्मभर हसं झालं, हे मला रोज उठून बघावं लागलं असतं. त्यापेक्षा तू गुडघ्यांवर होतास, हे सोयीचं होतं. फळी मी माळ्यावर टाकली. तू जिवंत असेतो ती खाली काढली नाही, आणि हे मला फार लागतं.

तुझं शेवटचं पत्र श्रावणात आलं. त्यात तू पहिल्यांदाच नियम मोडलास. ‘ह्या बगलला सांगतंय, केलला न्हय, खाजां देव नको. हंयची माणसां फळयेर उभी रवतत. बायलेमाणसांय. कोण हसत नाय. फळयेक मेण घासतत, मगे पाय सरकत नाय. तुझ्यासाठी मेण घेतलंय.’ पत्र आलं त्याच्या आधी तू गेला होतास, तार मागून आली. बोटीवरच ताप झाला, आणि त्यांनी तुला तिथल्याच पाण्यात दिलं. कुठल्या पाण्यात, ते कागदावर आकड्यांत लिहिलं होतं. मी शाळेतला नकाशा काढून बोट फिरवलं आणि मग मिटून ठेवला.

दसऱ्याच्या आधी चार दिवस तुझी ट्रंक आली. कपडे, आईला लुगडं, आणि फडक्यात गुंडाळलेली मेणाची वडी. आईने ती वडी हातात घेतली आणि हुंगली. मग तीच म्हणाली, ‘फळी खंय आसा?’

‘माळ्यार.’

‘मगे काढ खाली. मेण काय पूजेक ठेवतलंस?’

आईनेच मेण घासलं, दादा. अंगणात फळी आडवी टाकून, भाकरी थापताना हलतो तसा हात हलवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोळ्यांतलं पाणी फळीवर पडत होतं आणि मेणावरून ओघळत होतं. ‘पाणी धरणा नाय,’ ती म्हणाली. ‘बरां आसा मेण.’

परवा सकाळी मी गेले. नऊवारी, घट्ट कासोटा, पदराच्या गाठीला एक खाजं बांधलेलं. लाट तशीच होती, अगदी त्या दिवसासारखी. या खेपेला रापण आपल्या टोकालाच लागली होती. धाकू तांडेल आता दोर ओढत नाही, वाळूवर बसून हुकूम सोडतो. मास्तरीण फळी घेऊन पाण्यात चालली, हे बघून सगळ्यांच्या माना वळल्या. मागून कुणीतरी ‘कळस’ एवढंच म्हणालं आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मग रापणीतला बाबी आपण होऊन पाण्यात उतरला आणि म्हणाला, ‘मी धरतंय फळी. ढकलूक कोण तरी होया मा?’

पहिल्या दोन खेपा मी पोटावर आले. वय झालं, असं वाटलं. तिसऱ्या खेपेला गुडघे टेकले आणि मान वर केली. मी मुद्दाम नीट बघितलं, शाळेत पेपर तपासते तसं. समोर वाळूची टेंब, टेंबेवर केगदीचं बन, त्याच्यावर आभाळ. कळस नाही. जिंकल्याचा आनंद मला नको होता, दादा. मी गुडघ्यांवरूनच वाळूला लागले, फळी उचलली आणि परत आत गेले.

चौथी लाट मोठी होती. बाबीने ढकललं. मी पोटावर, मग गुडघ्यांवर, मग उजवा पाय पुढे. तुझं मेण धरून राहिलं. मी उठले. हात दोन्हीकडे पसरलेले, लाट खालून उचलत होती. आधी केगदीचे शेंडे खाली गेले. मग त्यांच्यामागून, बनाच्या बरोबर मध्ये, उन्हात पिवळं काहीतरी टोकदार निघालं. टोक, मग मान, मग सगळा घडा. देवळाचा कळस. मी वाळूकडे जात होते, जवळ जवळ जात होते, आणि तो बुडत नव्हता, वर येत होता.

मी ओरडले. काय ओरडले ते तुला माहीतच आहे. ‘कळस वर इलो! कळस वर इलो!’ वीस वर्षं गावाने थट्टेला वापरलेले शब्द मी सगळा घसा ताणून ओरडले, आणि वाळूला लागेपर्यंत उभी होते. तिथे आपटले, ते सोडून दे.

उठले तर सगळी रापण दोर सोडून उभी होती आणि धाकू कुणाला शिव्या घालत नव्हता. त्याने मला जवळ बोलावलं. ‘खरां सांग गो. गुडघ्यार आसताना दिसलो?’

‘नाय.’

‘आणि उभी रवल्यार?’

‘सगळो दिसलो. घड्यासकट.’

धाकू टेंबेकडे वळला. मग म्हणाला, ‘साठ वर्सां मी हंयसून येतंय. कळस बुडलो काय बूड टेकूचा, बापाशीन सांगलला. कधी उभो रवलंयच नाय.’ त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. म्हातारा उठला, गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला आणि दर्याकडे तोंड करून, होडीवर ओरडायचा त्या आवाजात ओरडला, ‘जयराम उभो होतो रे! आयकलास? जयराम उभो होतो!’ आणि मागून रापणीतली सगळी माणसं ओरडली. आई टेंबेवर उभी होती. ती लुगड्याचा पदर हवेत फिरवत होती, तुझ्या ट्रंकेतलं नवं लुगडं. असा जयजयकार आपल्या किनाऱ्यावर देवाच्या पालखीलाच होतो, दादा, आणि परवा तो तुझ्या नावाने झाला. मी रडत होते आणि हसत होते, आणि मला दोन्हीची लाज वाटली नाही.

पदराची गाठ सोडली तर खाजं नव्हतं. गूळ विरघळून गेला होता, नुसता पिवळा डाग राहिला होता. तुला पाण्यातच दिलं आहे, तेव्हा पोहोचलं असेल.

तेवढ्यात बाबी पाण्यातून बाहेर आला. धापा टाकत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘बाये, मस्त इलंस हां! पण गुडघ्यार होतंस मा? माका मागसून डोक्या नि खांदेच दिसले.’

सगळे हसले, त्याला काही कळेना. मी हसले नाही. तो खोटं बोलत नव्हता. ढकलणाऱ्याला लाटेच्या पाठीमागून तेवढंच दिसतं.

तू उभा होतास, दादा. मी मागे होते.